सत्तेचाळिसाव्या पानावरचं वर्तुळ

सकाळी वाचनखोलीत वृद्ध पंडित सी अरूसींचा मृतदेह सापडला आणि दुपारपर्यंत पहारेकरी मबरूकनं खून कबूल केला.

"सुटलो एकदाचे!" इन्स्पेक्टर ज़वारीनं कागद आमनापुढे ठेवला. "अंगठ्यासकट. आता फाशी ठरलेली."

अंगठ्याच्या ठशाशेजारी तपकिरी डाग होता. शाई तशी वाळत नाही.

"किती मारलंत त्याला?"

"लल्ला आमना, बाईसाहेब, तुम्ही पुस्तकं सांभाळा."

आमना ट्युनिशियातल्या कैरुआन शहराच्या त्या संग्रहात जुनी हस्तलिखितं दुरुस्त करायची. रसायनशास्त्र शिकलेली, बोलणं बेताचं. मबरूक बावीस वर्षं तिच्यासाठी रोज सकाळी दार उघडत आला होता.

"काल आत कोण कोण होतं?"

"म्हातारा, मबरूक आणि हा हातिम. बाहेरचं चौथं कुणी नाही."

हातिम दाराशी उभा होता. आठ वर्षं सी अरूसींना 'सीदी', गुरुजी, म्हणत आलेला शिष्य. जुन्या फौजदारी कायद्यावरच्या प्रबंधामुळे त्याला नुकतीच ट्युनिसला प्राध्यापकी मिळाली होती.

"तू कधी निघालास?" आमनानं विचारलं.

"तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली तेव्हा. ग्रंथातलं चोरीवरचं प्रकरण संपलं होतं, चाळिसावं पान. सीदी एकटेच बसले मागे."

"नंतर त्यांनी एकट्यानं पुढे ताडून पाहिलं असेल?"

"छे! तुम्हाला ठाऊक आहे त्यांचा हट्ट."

ठाऊक होता. हातिमनं टंकलेली नक्कल मोठ्यानं वाचायची, सी अरूसींनी एका जुन्या काझींच्या कायदेग्रंथाच्या मूळ हस्तलिखिताच्या छायाप्रतीवर नजर ठेवायची. ओळ जुळली की समासात शिसपेन्सिलीची खूण. एकट्यानं केलेलं ताडणं ते ताडणं मानतच नसत.

छायाप्रतींचा गठ्ठा टेबलावरच होता. काल सकाळी सूसला आईकडे जाण्यापूर्वी तिनंच तो नवा कोरा छापून, शिक्के आणि आकडे मारून दिला होता. तिनं पानं मोजली. एकही कमी नव्हतं. खुणा खरोखरच चाळिसाव्या पानावर थांबल्या होत्या.

तिनं खिडक्या लावून घेतल्या आणि विजेरी पेटवून टेबलावर आडवी ठेवली.

"आता हे काय नाटक?" ज़वारी वैतागला.

"इकडून बघा. एकेचाळिसावं पान."

तिरप्या उजेडात समासात बारीक खळगे उमटले. ओळीमागून ओळ, खूण तीच.

"शिसं खोडता येतं. कागदात दबलेला दाब खोडता येत नाही," आमना म्हणाली. "काल सकाळी ही पानं कोरी होती. म्हणजे चाळीसनंतरही कुणीतरी वाचत होतं आणि सी अरूसी खुणा करत होते. मबरूक सही म्हणून अंगठा देतो. तो काय वाचणार?"

हातिम हसायला गेला. "सीदींनीच खोडल्या असतील."

"चुकलेल्या खुणेवर ते काट मारायचे. खोडरबर त्यांनी कधी हातात धरलं नाही. पानंच पळवली असती तर माझ्या आकड्यांवरून कळलं असतं, म्हणून तू फक्त खुणा पुसल्यास. खळगे सत्तेचाळिसाव्या पानापर्यंत आहेत. तिथं एका ओळीपुढे खूण नाही, वर्तुळ आहे. ती ओळ वाच."

हातिमनं पान दूर सारलं.

"वाच ना रे, पेशाच तो तुझा," ज़वारी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"'मारहाणीनंतरची कबुली...'" हातिमनं ओळीवर बोट ठेवलं, "'...निर्भय अवस्थेत पुन्हा दिल्याखेरीज ग्राह्य नाही.'"

"तुझ्या प्रबंधात या काझींनी मारहाणीला मोकळीक दिली आहे," आमना म्हणाली. "ही ओळ तू टंकलेल्या नकलेतूनही गाळलीस. त्यावरच नोकरी मिळवलीस. काल सी अरूसींनी ती पकडली."

"एक ओळ हो!" हातिम ओरडला. "एका ओळीसाठी ट्युनिसला पत्र लिहायला निघाले होते. आठ वर्षं त्यांच्या चपला उचलल्या मी! पितळी दिवा हाताशी होता..."

ज़वारीनं त्याचा दंड धरला. मग टेबलावरचा अंगठ्याचा कागद घडी करून खिशात घातला. आमनाकडे त्यानं पाहिलं नाही.

संध्याकाळी ती ठाण्यावर गेली. कोठडीचं दार उघडताच मबरूक भिंतीला चिकटला. उजवा हात त्यानं फडक्यात गुंडाळला होता.

"मबरूक, चल. मी आहे, आमना."

तिच्यामागे गणवेशातला शिपाई उभा होता. मबरूकची नजर त्याच्यावरून हलेना.

"मीच मारलं," तो पुटपुटला. "साहेब, मीच मारलं."