मोकळ्या चॅनेलवरचा ताप

खाट जवळ ओढा रे. मला जोरात बोलवत नाही.

आपला ललित, वायरमन. त्याच्यासोबत घडलेलं सांगतो. मागच्या आखाजीची, अक्षय्यतृतीयेची रात्र. चोपड्याच्या अलीकडे प्रेमराजभाऊंचं केळी पिकवायचं कोठार आहे, तिथे त्याला बोलावलं होतं. खोल्यांतल्या सेन्सरचे आकडे नाचत होते. घडीत अठरा अंश, घडीत पंचवीस. त्या आकड्यांवर थंडावा चालतो. केळी नासायच्या बेतात होती.

ललितनं तारा तपासल्या. सेन्सरकडून येणारी वीज अगदी बारीक. अर्थिंग कच्चं असलं की तिच्यात भलतीच खळबळ मिसळते. यंत्रातलं एक चॅनेल मोकळं होतं, त्याला सेन्सरच जोडलेला नव्हता. मोकळं राहिलं तर ते शेजारचाच आकडा दाखवतं, म्हणून त्याची दोन्ही टोकं त्यानं अर्थला बांधली. तिथे आता शून्यच दिसायला हवं.

पण बाहेर अर्थिंगचा खड्डाच कोरडाठाक; ओल नसली की अर्थिंग धरत नाही. टाकीत थेंब नाही. दाराशी एक भरलेली घागर होती, वर खरबूज ठेवलेलं.

"आबा, आखाजीची घागर? ती तर गेलेल्या माणसाची!" खाटेशी बसलेली मेघा मध्येच म्हणाली.

"हो बाई. ललितलाही ठाऊक होतं. म्हणाला, सकाळी भरून ठेवू."

घागर चुडामणची होती. तिथला राखणदार, तरणा पोरगा. माघात तापानं गेला.

ललितनं पाणी खड्ड्यात ओतलं. आकडे थांबले. अठरा. अठरा. अठरा.

आणि मोकळं चॅनेल... वीस. तीस. सदतीस.

त्यानं टोकं पुन्हा आवळली.

एकेचाळीस.

मागे ताईबाई उभी. चुडामणची आई.

"भाऊ, घागरमधलं पाणी कोठे गयं?"

"अक्का... खड्ड्यात ओतलं."

ती रागावली नाही. आकड्याकडे बघत राहिली.

"इतलाच ताप व्हता मना चुडामणले. पाणी मांगे तो. लोके म्हणेत, तापमा देऊ नको... मी नही दिधं."

ललितनं तार उपटायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे."

ती घरून हंडा घेऊन आली. उभ्यानंच खड्ड्यात ओतू लागली. हळूहळू... पाजावं तसं.

चाळीस.

दुसरा हंडा. अडतीस.

ललित दारातून आकडा सांगत होता. ती ओतत होती.

पहाटे शून्य.

केळी वाचली. उजाडल्यावर ललित खड्ड्यावर झाकण ठेवायला गेला. ओल्या मातीत दोन गुडघे उमटले होते. आणि पुढे, अगदी काठाशी, वाकून पाणी प्यावं तसे टेकलेले दोन तळहात.