खरवडलेला पत्रा

दार लावून घ्या आणि मेणबत्ती अलीकडे ठेवा. हे माझ्या मावसबहिणीच्या, प्रुडन्सच्या घरात घडलं. इथेच, न्यूबरीपोर्टला. साल अठराशे सात, नोव्हेंबरची एकोणीस, गुरुवार. तिचा नवरा लव्हेल तांब्याच्या पत्र्यावर माणसांचे चेहरे कोरायचा. चित्र तळहातात मावेल एवढं. पत्रा गिऱ्हाइकाला मिळायचा, आणि त्याचे कागदावर छापलेले बारा ठसे.

त्या सकाळी केटुरा आली. तिचा पहिला नवरा एसा समुद्रात बुडाला होता, आता तिनं मेणबत्तीवाल्या थॉर्नशी लग्न केलं होतं. फडक्यात एसाचा पत्रा गुंडाळून आणला होता.

"नवा पत्रा कशाला घ्यायचा? चेहरा तेवढा खरवडा आणि ह्यांचा बसवा," ती म्हणाली. "कोट चांगला आहे, तो राहू द्या."

आमच्याकडे काही वाया घालवत नाहीत. मेलेल्याचा कोटसुद्धा.

ती गेली आणि दहाच्या सुमाराला एसाची आई आली, मेहिटेबल. पोराचं प्रेत कधी मिळालंच नाही, म्हणून तिनं आपल्या वाट्याचा ठसा थडग्याच्या दगडाखाली पुरला होता. बाकीचे सुनेनं दुसऱ्या लग्नाआधी चुलीत घातले.

"खरवडायच्या आधी मला एक ठसा काढून दे," म्हातारी लव्हेलला म्हणाली. "त्याचा आवाज आठवतो, चाल आठवते. तोंड आठवेनासं झालंय."

"पत्रा केटुराबाईंचा. त्यांना विचारल्याशिवाय कसा काढू?"

"ती हो म्हणेल, असं वाटतं तुला?"

"उद्या विचारून बघतो."

"उद्याला माझं घर ठाऊक आहे होय रे?" असं म्हणून ती काठी टेकत गेली.

लव्हेलनं विचारलं नाही. खरवडणी घेऊन बसला.

"अहो, उद्या म्हणाला होतात," प्रुडन्स म्हणाली.

"थॉर्नला शनिवारी हवाय. म्हातारी जाईल विसरून."

बाराचे ठोके पडत होते, तेव्हा त्यानं एसाचा डोळा घासून काढला.

संध्याकाळी सात वाजले. लव्हेल बाहेर गेला होता. प्रुडन्स कागद भिजवत होती. दार वाजलं नाही. वळून बघते, तर मेहिटेबल छापयंत्रापाशी उभी. बाहेर बर्फ, आणि हिच्या पायात जोडे नाहीत.

"काकू, अशा कशा आलात..."

म्हातारीनं हात पुढे केला.

प्रुडन्सची मान खाली गेली. त्या खरवडलेल्या पत्र्याला तिनं शाई भरली. वरवरची तळहातानं पुसली, रेघांतली राहू दिली. ओला कागद ठेवला. चाक फिरवलं.

कोट उमटला. कॉलर उमटली. वर... पांढरं.

"एवढंच उरलंय हो, काकू."

म्हातारीनं कागद घेतला. बघितला. बघतच राहिली...

"हाच," म्हणाली.

प्रुडन्स हात पुसायला वळली. पुन्हा बघितलं... खोली रिकामी. दार उघडून पाहिलं. पायरीवरच्या बर्फात पाऊल नव्हतं.

ती तशीच उभी होती, तोच शेजारची डॉर्कस धापा टाकत आली.

"प्रुडन्स, दोन तास बसायला येतेस का? दुपारपासून एकटीच राखतेय मी तिला."

"कुणाला?"

"मेहिटेबलला. बाराच्या ठोक्याला गेली की. तुला कुणी सांगितलं नाही?"

"...तिच्याकडे कुणी आलं होतं?"

"जिवंतपणी कुणी येत नव्हतं. आता कोण येतंय?"

दोघी गेल्या. प्रुडन्सनं चादर बाजूला केली. बोटं लाकडासारखी ताठ झालेली. आणि त्या बोटांत ठसा.

तिनं हात लावला. शाई अंगठ्याला लागली, इतकी ओली. चेहऱ्याची जागा कोरीच होती. पण तेवढाच कागद झिजून पलीकडचं दिसेल इतका पातळ झाला होता. वर्षानुवर्षं कुणी एकाच जागी बोटं फिरवत बसावं, तसा.