जिलेटिनच्या टिकल्या

"पाणी बंद करा!" मी इतक्या जोरात ओरडले की काचेच्या छपरावरची कबुतरं उडाली.

जुलैची कोरडी दुपार. उद्याच्या शोसाठी नवरीच्या पोशाखाचा मागचा घोळ रॅम्पवर कुठवर लोळेल, ते बघायला मी आले होते. हातात टेप, अंगात शिवणखोलीचा पांढरा कोट... आणि वरून अचानक धो धो पाऊस! बंद हॉलमध्ये, पॅरिसच्या मधोमध!

शिडीवरून एक उंच तरुण घाईघाईनं उतरला. हातात पाना, आणि चेहऱ्यावर चक्क हसू.

"माफ करा हं, मादमोझेल. खाली कुणी असेल असं वाटलं नाही."

"वाटलं नाही? डोळे कुठे होते तुमचे?"

"वर. नळ्या तपासत होतो. मी एर्वान. इथला पाऊस माझ्याकडे आहे."

"पाऊस तुमच्याकडे! आणि अक्कल कुणाकडे ठेवायला दिलीय?"

त्यानं खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. मी तो हिसकावून घेतला. टॉवेलला मशीनच्या तेलाचा वास होता... वाईट नव्हता, पण ते कबूल करायची ती वेळ नव्हती.

"मी समुद्राकाठच्या ब्रेस्ट गावचा," तो म्हणाला. "आमच्याकडे रोज पाऊस पडतो, पण टाळ्या कुणी वाजवत नाही. उद्या वाजवतील."

"का? उद्या कुणाला भिजवणार आहात?"

"नवरीला. अगदी शेवटची दीड मिनिटं. मोस्यू वाल्क्रोज यांचा हुकूम आहे."

माझ्या हातून टॉवेल खाली पडला.

त्या नवरीच्या पोशाखावर अकरा हजार टिकल्या होत्या. जुन्या डब्यांतून जपून ठेवलेल्या, जिलेटिनच्या, कांद्याच्या सालीसारख्या पातळ. तशा आता कुणी बनवत नाही. त्या पाण्यात विरघळतात. चार महिने मी आणि आमच्या शिवणखोलीच्या प्रमुख मादाम ओदिल त्या एकेक करून शिवत होतो. रोज संध्याकाळी मी मादामच्या डोळ्यांत औषध घालायची. निवृत्त होण्याआधीची त्यांची ही शेवटची नवरी होती.

मी तशीच भिजलेल्या कोटानं वाल्क्रोजसमोर जाऊन उभी राहिले. ते आमचे मालक, आणि पोशाखांवर नाव त्यांचंच.

"मोस्यू, टिकल्या विरघळतील!"

त्यांनी काळा चष्मासुद्धा काढला नाही. "विरघळू देत, सिदोनी. सौंदर्य लोकांच्या डोळ्यांदेखत नाहीसं व्हावं, हीच तर कला."

कला म्हणे! चार महिन्यांत ज्यानं सुईत दोरा ओवला नाही, तो मला कला शिकवणार. डोळे कुणाचे गेले? बोटं कुणाची सोलली? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परत आले तर एर्वान रॅम्पच्या कडेला बसून हॅम-लोण्याचा पाव खात होता.

"हात पुढे करा," मी म्हणाले.

"लगेच? अजून नीट ओळखही नाही आपली..."

"करा म्हणते ना!"

कोटाच्या खिशातली डबी उघडून मी एक टिकली त्याच्या तळहातावर ठेवली. ती चमकली. मग माझ्या केसांतून निथळणारा एक थेंब तिच्यावर पडू दिला. क्षणभर काहीच नाही... आणि मग टिकलीच नाही. नुसता चिकट डाग.

त्याचं हसू मावळलं. त्यानं बोटानं तो डाग चोळून पाहिला.

"सगळा पोशाख... असा?"

"अकरा हजार टिकल्या! आणि झालरीत माझा केससुद्धा आहे."

"केस?"

बोलून गेले आणि कान तापले. "आम्हा शिवणाऱ्यांत रीत आहे तशी. लग्न न झालेल्या मुलीनं नवरीच्या झालरीत आपला एक केस शिवायचा. म्हणजे वर्षाच्या आत तिचंही लग्न... हसू नका! मादामनी बळंच शिवायला लावला."

"हसत नाहीये." खरंच नव्हता हसत. "तो घोळ मागे किती लोळतो?"

"तीन मीटर वीस. तुम्हाला काय करायचंय?"

त्यानं खिशातून पेन काढून मनगटावर आकडा लिहिला. "हुकूम मोडला तर माझं काम जाईल, मादमोझेल."

"मग सांभाळा आपलं काम!" मी म्हणाले, आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला शो. आम्हा शिवणाऱ्यांची जागा पडद्यामागे. मादाम ओदिल खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. "संपलं की सांग गं," एवढंच म्हणाल्या. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला आणि मनातल्या मनात एर्वानला लाखोली वाहत राहिले.

नवरी रॅम्पवर आली. एक पाऊल, दोन पावलं... पाऊस नाही! वाल्क्रोज दात खात फोनवर कुणावर तरी खेकसले. आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला, पण नवरीच्या मागे. घोळाचं टोक पुढे सरकलं की एक सर. ती पुढे गेली की पुढची सर. वर, लोखंडी सज्जात एर्वान पाण्याच्या एका चावीकडून दुसऱ्या चावीकडे धावत होता. नवरी कोरड्या वाटेवरून चालत होती, टिकल्या लखलखत होत्या, आणि पाऊस तिच्यामागून हातभर अंतर ठेवून येत होता. सगळा हॉल उठून उभा राहिला.

"मादाम, डोळे उघडा!" मी ओरडले. "उघडा ना!"

त्यांनी उघडले, आणि त्या रडल्या. मीही.

मग काय झालं? वाल्क्रोज रॅम्पवर जाऊन वाकले आणि पत्रकारांना म्हणाले, "पावसानं नवरीचा पाठलाग करावा, हे मला स्वप्नात दिसलं." स्वप्नात!

हॉल रिकामा झाल्यावर मी शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"आधी सांगता येत नव्हतं? रात्रभर शिव्या घातल्या मी तुम्हाला!"

"जमेल याची खात्री नव्हती." तो सज्जाच्या कठड्यावर वाकला. तळहात सोलले होते. "मोस्यूंनी मला फोनवरच काढून टाकलं. आधी मला काढलं, मग बाहेर जाऊन ते स्वप्न सांगितलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? मी आत्ता जाते आणि त्या सगळ्यांना—"

"जा. जरूर सांग. पण आधी..." तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणत होता. "आधी एकदा तू चाल ना. पोशाख तुझा, आणि रॅम्पवर तू कधीच नाहीस. हे मला पटत नाही."

हे मलाही इथल्या चार वर्षांत पटलं नव्हतं. आजवर कुणी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

मी पांढरा कोट सारखा केला आणि चालू लागले. पाऊस माझ्यामागून आला, सर सर सर, एक थेंबही अंगावर न पाडता. टोकाशी पोचले आणि वळले.

"आता कुठे जाणार? ब्रेस्टला?"

"तो केस भिजू दिला नाही मी," वरून आवाज आला. "वर्ष संपेपर्यंत पॅरिस सोडणार नाही... तुझी हरकत नसेल तर."

माझ्या अंगावर एकही टिकली नव्हती.

"एर्वान," मी म्हणाले, "आता सोड पाणी. आणि लवकर खाली ये."