अंदमानहून आलेलं लुगडं

फोन सकाळी साडेसातला आला.

“सायेब, तलावावर या. माणूस सापडलाय.”

“बुडून मेला का?” हरिबांनी विचारलं.

“बुडायला पाणी कुठंय, सायेब? जुना हाय. लई जुना.”

सहायक फौजदार हरिबांच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष. घराणं मेंढपाळांचं. बाप सांगायचा, हरवलेलं मेंढरू पुढं पळत शोधू नये, ते शेवटचं कुठं चरत होतं तिथं जाऊन उभं राहावं. पोलीसखात्यात हरिबांनी एवढी एकच विद्या वापरली, आणि ती पुरली.

२०१६ चा मे महिना होता. लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं आणि कुंडवाडीचा तलाव तीस वर्षांत पहिल्यांदा तळापर्यंत आटला होता. तळात जुनी कुंडवाडी उघडी पडली होती. धरणासाठी उठवलेलं गाव. भिंतींचे बुंधे, देवळाचा चौथरा, गल्ल्यांच्या रेघा. नव्या कुंडवाडीतले लोक आपापली घरं बघायला यायचे, उंबऱ्यावर टेकायचे आणि ऊन उतरायच्या आत निघून जायचे. आतून कुणीतरी हाक मारतं म्हणायचे. हरिबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्या भेगाळलेल्या चिखलावरून चालताना त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं, हेही खरं.

गाळ काढणाऱ्या मशीननं गावविहीर मोकळी केली होती. तळाशी हाडं होती. कवटीला मागून तडा गेलेला. मनगटाच्या हाडात चांदीचं कडं, काळं ठिक्कर पडलेलं. हरिबांनी ते मातीनं घासलं तशी अक्षरं वर आली. राधाकिशन, शिरूर.

जमलेल्या लोकांत दूध संस्थेचे म्हातारे सचिव सुंदरराव होते. नाव ऐकताच ते मटकन खाली बसले.

“ओळखता का?”

“वच्छलाबाईचा भाऊ, सायेब. आमच्या मोहनरावाचा मेव्हणा. पर हे कसं व्हईल? त्यो तर जिता हाय. अंदमानात ऱ्हातो. दर भाऊबीजेला बहिणीला लुगडं धाडतो. मागल्या दिवाळीचं तर मीच नेऊन दिलंय.”

“बहीण कुठं हाय आता?”

सुंदररावांनी कोरडे ओठ चाटले. “अंदमानाला गेलीय. दूध संघाची सहल निघाली, तिच्यात नवरा-बायको दोघं गेलेत. भावाला हुडकायला.”

हरिबांनी कडं रुमालात गुंडाळलं.

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडं तीस वर्षांच्या आसपासची. डोकं दगडावर आपटलंय किंवा दगड डोक्यावर. मेलेला माणूस पोस्टात जात नाही, एवढं कळायला डॉक्टर लागत नव्हता. तीस वर्षं कुणीतरी त्याच्या नावानं लुगडी धाडत होतं.

हरिबांनी सुंदररावांना समोर बसवलं.

“पार्सल तुमच्याकडं कावून यायचं?”

“गावाचं समदं टपाल संस्थेत पडतं. मी घरोघर पोचवतो.”

“शिक्का कुठला असायचा?”

“अंबाजोगाईचा.”

“अंदमानचा न्हाई?”

“न्हाई. मला वाटायचं, इकडं येणाऱ्या कुणाच्या हाती धाडत असंल.”

“अंबाजोगाईला तुमी जाता?”

“म्हैन्याला जातो, मीटिंगला. पर दिवाळीच्या बाजाराला समदं गावच जातं की.”

“राधाकिशनचं आन् तुमचं वाकडं व्हतं म्हणं.”

सुंदररावांचा चेहरा उतरला. “बैलाच्या सौद्यावरून बाजारात मारामारी झालती. पर ते मिटलं. गाव उठायच्या आदल्या दिशी मला वेशीत भेटला. बहिणीचा हात मोडलाय, तिला घेऊन जायला आलोय, म्हणला.”

“मग?”

“मग काय? दुसऱ्या दिशी जो तो गाड्या भरत व्हता. मोहनरावाला इचारलं तर म्हणला, आलता, माघारी गेला. पुढं दिवाळीला अंदमानातून पत्र आलं. मी इसरूनबी गेलतो.”

“तुमच्याशिवाय त्याला त्या दिशी कुणी पाह्यलं?”

“आता त्यातलं कोण उरलंय, सायेब?”

म्हणजे शेवटचं पाहणाराही हाच आणि पार्सल पोचवणाराही हाच. गावानं तेवढ्यात निकाल लावून टाकला. सुंदररावांच्या घरचं दूध संध्याकाळी कुणी मापून घेईना. मंगळवारी सुंदररावांना न्यायला येतो, असं हरिबांच्या साहेबांनी फोनवर सांगितलं.

सोमवारी सहल परत आली.

मोहनराव आणि वच्छलाबाईंच्या ओसरीत बॅगा तशाच पडल्या होत्या. एका पिशवीतून पांढरी वाळू सांडली होती. हरिबांनी हाडांचं सांगून कडं पुढं केलं. पंचावन्नीच्या वच्छलाबाईंनी ते ओळखलं, उराशी धरलं, आणि मान ठाम हलवली.

“कडं त्याचंच हाय. चोरीला गेलं असंल. हाडं दुसऱ्या कुणाची हायत. माझा भाऊ जिता हाय, सायेब.”

“तिकडं भेटला?”

“पाच बेटं फिरलो. आज या बोटीत, उद्या त्या बोटीत. केवढं पाणी, आन् एक घोट पिता यीना! बोटवाल्याला, नारळवाल्याला, झाडणाऱ्या बायांना, समद्यांना फोटू दावला. हे माझी पिशवी घिऊन मागं मागं. एका बेटावर मी हाकबी मारली. आरडून. लोक हासले.” तिनं कडं पदरानं पुसलं. “पुढच्या बेटावर असंल, म्हणत म्हणत सहल सरली.”

मोहनराव खांबाला टेकून उभे होते. साठीचा माणूस, पण पाठीत वाकलेला. त्यांनी बायकोसाठी तांब्या भरून आणला आणि पुन्हा खांबापाशी गेले. हरिबांनी त्यांना सहज विचारलं.

“गाव उठायच्या वक्ताला मेव्हणा आलता का हो तुमचा?”

“न्हाई. त्या उन्हाळ्याला त्यो आलाच न्हाई.”

हरिबांनी मान डोलावली. “वच्छलाआक्का, त्यो अंदमानात हाय हे कळलं कसं?”

“पत्र आलतं की. पहिल्या लुगड्यासंगं. यांनी वाचून दावलं.” तिला ते पाठच होतं. “समुद्रातल्या बेटावर काम लागलं. आज या बेटावर, उद्या त्या. पत्ता एक न्हाई. हुडकू नका.”

“पत्र हाय?”

“वाळवीनं खाल्लं.”

“लुगडी?”

ती आत गेली आणि पत्र्याची ट्रंक ओढत आणली. कडुलिंबाच्या पाल्याचा वास सुटला. भावाचं लुगडं रोज नेसून फाडायचं नसतं, ते भाऊबीजेला एक दिवस नेसायचं आणि घडी मोडू न देता ठेवायचं, असा तिचा रिवाज. हरिबांनी ती ज्या क्रमानं आली त्या क्रमानं ओसरीवर मांडायला लावली. ओसरी भरली, मग अंगणात घोंगडं अंथरलं. एका मेलेल्या माणसाची इतकी माया उन्हात पसरलेली बघून हरिबांच्या अंगावर काटा आला.

ट्रंकेच्या तळाशी एक हिरवं, मऊ पडलेलं लुगडं राहिलं होतं.

“ते गाव उठायच्या आधलं. त्यानं सवता हाती दिलेलं. पत्रानं आलेली ही.”

पहिली तीन हिरवी होती. पुढं जांभळं, निळं, अंजिरी, सगळे रंग होते. हिरवं मात्र नव्हतं.

“हिरवं बंद कावून झालं?”

वच्छलाबाईंचा चेहरा उजळला. “तीच तर खूण हाय, सायेब! चौथ्या वर्साला मी खंडोबाला बोलले, भाऊ घरी आल्याबिगर हिरवं नेसायची न्हाई. मनातल्या मनात बोलले. त्या सालापासून त्यानं हिरवं धाडलं न्हाई. मेलेल्याला कळतं व्हय असं? भावाच्या काळजाला कळतं.”

“कुणालाच सांगितलं न्हाई?”

“नवस सांगितला की फळत न्हाई. बस्त्यात यांनी माझ्यासाठी हिरवं धरलं, तवा यांना तेवढं सांगावं लागलं. बाकी कुणाला न्हाई.”

रांगेच्या मध्यावर एक पांढरट, बारीक काठाचं लुगडं होतं. हरिबा त्याच्यापाशी थांबले.

“हे भाऊबीजेचं न्हाई दिसत.”

“ते दुखवट्याचं. सासूबाई गेल्या तवाचं. घरात मौत झाली की सुनंच्या माहेराहून दुखवटा यावा लागतो. मला आई न्हाई, बाप न्हाई. भाऊच माहेर. भावकी बोलाय लागलती, हिचं कोण येतंय म्हणून. तर तेराव्याला सुंदरभावजी पार्सल घिऊन दारात!”

“मालक कसे वागवतात?”

प्रश्न अचानक होता. तिनं पदर सावरला. “आधी तापट व्हते. हात मोडला... म्हंजे पडले मी, तवा सासूसंगं मला आधीच नव्या गावाला धाडलं. पर गाव उठल्यापासून यांनी आवाजसुदिक चढवला न्हाई. गुणाचा माणूस.”

हरिबा उठले. उद्या सकाळी सगळ्यांनी विहिरीवर यायचं, एवढंच म्हणाले.

सकाळी जुन्या गावावर वारा सुटला होता आणि भिंतींच्या बुंध्यांतून शीळ वाजत होती. सुंदरराव एका दगडावर बसले होते. आज आपल्याला नेणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मोहनराव आणि वच्छलाबाई जवळजवळ उभे होते.

हरिबांनी टोपी काढली. “आक्का, तुमचा भाऊ तीस वर्सं हितं व्हता. तुमाला लुगडी ज्यानं धाडली, त्यानंच त्याला हितं टाकलं.”

“सुंदरभावजी?” ती पुटपुटली.

“मलाबी तसंच वाटलं व्हतं. पर दुखवटा बघितला आन् इचार केला. सासू गेली हे अंदमानाला कळवलं कुणी? पत्ताच नव्हता. पत्र गेलं असतं तरी तेरा दिवसांत पार्सल यायचं न्हाई. म्हंजे धाडणारा जवळचा. त्याला मौत ठावं व्हती, आन् तुमचं माहेर उघडं पडू नये एवढी तुमची काळजीबी व्हती. खुनी माणूस भाऊबीज पाळंल, नाटक म्हणून. दुखवटा पाळायची त्याला गरज नव्हती. पर रीत अंगात मुरल्याली असती. तिथं त्यो चुकला.”

“गावातल्या कुणालाबी ठावं असणारच,” मोहनराव म्हणाले.

“व्हय. सुंदररावांनाबी. मौत ठावं असणारे लई, मोहनराव. हिरव्याचं ठावं असणारा एकच.”

वच्छलाबाई हळूच नवऱ्यापासून एक पाऊल बाजूला झाल्या.

“तुमी सुंदररावांना म्हणलात, आलता, माघारी गेला,” हरिबा पुढं म्हणाले. “मला म्हणलात, आलाच न्हाई. बायकोला तर त्यो आलता हेच ठावं न्हाई. त्यो आलता, मोडल्या हाताची बहीण न्यायला. आन् त्या दिसापासून तुमचा हात पुन्यांदा उठला न्हाई.”

मोहनराव विहिरीच्या काठावर बसले. बोलले ते बायकोशीच.

“त्यो म्हणला, आता तिला तुझ्या दारात ठिवत न्हाई. वच्छे, मी ढकललं. पडंल, भिजंल, एवढंच वाटलं. आत पाणी न्हवतं. दुष्काळाची इहीर, खाली निस्ता दगड. मी हाका मारल्या. त्यानं ओ दिली न्हाई. दगड-माती लोटली. आन् पावसानं धरण भरलं.”

“अंदमान कावून म्हणलात?” तिनं विचारलं. आवाज इतका साधा होता की हरिबांनाच भीती वाटली.

“तिथं आपल्यातलं कुणी जायचं न्हाई म्हणून. इमानं उडतील आन् सहली निघतील हे कुठं ठावं व्हतं.”

“पाच बेटं तुमी माझ्या मागं हिंडलात. मी हाक मारली तवा माझ्या शेजारी उभं व्हतात.”

“तू भाऊ मागत व्हतीस. माझ्याकडं लुगडंच व्हतं.”

तिनं त्यांच्याकडं शेवटचं बघितलं. मग सुंदररावांपाशी जाऊन त्यांना हाताला धरून उठवलं. “चला भावजी, घरी चला,” म्हणाली. मोहनरावांना जीपकडं नेलं तेव्हा ती पाठमोरी होती.

हाडं ताब्यात मिळायला नऊ दिवस लागले. पार्सलानं आलेली लुगडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाली होती. ती कधी परत मिळतील, हे तिनं विचारलं नाही.

अंत्यविधी तलावाच्या काठावरच झाला. सुंदररावांनी अग्नी द्यायचं कबूल केलं होतं. सगळं गाव जमलं होतं, हरिबाही साध्या कपड्यांत आले होते. वच्छलाबाई आल्या आणि बायका एकदम कुजबुजल्या. एका म्हातारीनं तर पुढं होऊन अडवलं.

“अगं बये, मयताला हिरवं?”

हरिबांनी ते लुगडं ओळखलं. ट्रंकेच्या तळाशी होतं तेच, काठ विरलेलं, राधाकिशननं स्वतःच्या हातानं दिलेलं. तिच्या हातात ओवाळणीचं ताट होतं.

“भाऊ घरी आल्याबिगर नेसायची न्हाई म्हणलते,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आलाय आता. सरका, ओवाळू द्या मला.”