खारट शहाळं

बस मेघना, पाटी उतरव. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्येच दात काढलेस तर पुढचं सांगणार नाही.

केतनचं ऑपरेशन परळला झालं, हे तुला ठाऊक आहेच. किडनीच्या डोक्यावर एक ग्रंथी असते, तिथं गाठ होती. त्या गाठीपायी माझ्या नवऱ्याचं बीपी चढायचं, अंगातलं पोटॅशियम उतरायचं, पायात गोळे यायचे. डॉक्टरच सांगायचे, शहाळं पाजत जा. किती वर्षं पाजलं गं! मग ऑपरेशननंतरही दुपारी गेटवरून एक शहाळं घेतलं नि वर गेले.

वॉर्डात सामसूम. पंखा तेवढा कुरकुरत होता. केतन पांढराफटक पडलेला. एक घोट तोंडात घेतला आणि थुंकला.

"खारट आहे."

मी चाखलं. साखरेसारखं गोड! म्हटलं, "नखरे नकोत. गप पी."

"आय म्हणते... पिऊ नको."

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तुळसा म्हणजे काय बाई होती, तुला काय सांगू! नवरा दर्यात बुडाला, तरी मासळी विकून पोरं वाढवली. बाजारात तिचा आवाज चढला की हप्तेवालेसुद्धा वाट बदलायचे. मला रोज टोमणे मारायची, पण ताटातला मोठा तुकडा माझ्याच पुढ्यात. अशी सासू सगळ्यांना मिळो.

"ग्लानीत बडबडतोयस," असं म्हणून मी त्याचं डोकं उचललं, स्ट्रॉ ओठांना लावली.

तेवढ्यात वास आला. फिनेलच्या वर चढलेला, ओहोटीच्या चिखलाचा... आणि कुणीतरी माझं मनगट धरलं. गार, ओला हात. मागं वळायची छाती होईना.

"आय...?"

बोटं आवळली. शहाळं हातातून सुटलं आणि पलंगाखाली घरंगळत गेलं.

तोच नम्रता सिस्टर धावत आली. "अहो कीर्तीताई, शहाळं पाजलंत?"

"घोटही उतरला नाही."

"देवच पावला! आत्ताच रिपोर्ट आलाय. पोटॅशियम भलतंच वाढलंय, अंगातलं मीठ उतरलंय. हे पोटात गेलं असतं तर हृदय बंद पडलं असतं."

इंजेक्शनं, सलाईन, नुसती पळापळ. मग डॉक्टरांनी समजावलं. गाठीच्या जोरापुढं दुसऱ्या बाजूची ग्रंथी झोपून गेली होती. गाठ काढली तरी ती लगेच जागी झाली नाही, म्हणून सगळं उलटं फिरलं. कालचं औषध आज विष झालं होतं.

दोन दिवसांनी केतन उठून बसला, मीठ घातलेली पेज मागितली. मला रडूच फुटलं.

"धन्य तुझी आय! मेली तरी पोराला विसरली नाही. माझा हात असा धरला, काय सांगू... काय जोर त्या हातात!"

केतन हसला नाही.

"आय दारात होती गं. आत यायला भीत होती. तिथूनच ओरडत होती, पिऊ नको म्हणून."

"मग माझा हात...?"

त्यानं माझ्या मनगटाकडं बघितलं. मग दाराकडं.

"आय अजून तिथंच उभी आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणते... कीर्तीला सांग, हात सोडवून घे."