तारेपलीकडून आलेलं ‘व्हय म्हाराजा’

मेलेली माणसं खोटं बोलत नाहीत.

हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. मानवजातीने ते कुठेतरी दगडात कोरून ठेवावं, इतपत ते मला आवडलं. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचून पाहिलं, तेव्हा शेजारून आवाज आला, "भाऊनु, मोटर बंद करा! टाकी भरान व्हावता!"

तर मोटर बंद करून आलो आहे. आता सांगतो.

घटना शंभर टक्के खरी आहे. मी जन्मभर वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. त्यामुळे माझ्या खऱ्या गोष्टींवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि खोट्या गोष्टींबद्दल मात्र वकिलाच्या नोटिसा आल्या. पण ही खरी आहे.

ती रात्र अमावास्येची नव्हती.

ती रात्रच नव्हती.

दुपार होती. फेब्रुवारी महिना, मालवणच्या पुढची किनारपट्टी, बारा वाजायला आलेले... आणि मला भूक लागली होती.

गावाचं नाव देत नाही. तिथे अजून माणसं राहतात आणि त्यांना आंबे विकायचे असतात. आपण त्याला मधलीवाडी म्हणू.

मधलीवाडीच्या टोकाला एक जुनी शेड होती. समुद्रावरची काळी रेती तिथे आणून चाळायचे आणि त्यातली खनिजं काढून बोटीने पाठवायचे. कंपनी कधीच बंद पडली. न्यायचं ते तिने नेलं, उरलेलं शेडमागे टाकलं. ढिगावर गवत आलं. गवतावर गुरं आली. मग एके दिवशी कोणीतरी मोजमापाचं यंत्र घेऊन आलं, आणि ढिगाजवळ ते जे किरकिरायला लागलं ते थांबेना.

किरणोत्सर्ग.

मग तारेचं कुंपण आलं. तारेच्या आत ढीग, शेड आणि तीन घरं. घरं रिकामी केली. रेती पिंपांत भरायची, ट्रकने न्यायची, वर नवी माती टाकायची, असं काम सुरू झालं. ते लोकांना समजावून सांगण्यासाठी एक पत्रक निघालं. त्यात लिहिलं होतं, ‘अवशिष्ट किरणोत्साराची पातळी नैसर्गिक पार्श्वभूमीशी सुसंगत होत आहे.’

ते वाचून वाडीतल्या कुस्तोदियोने भर सभेत विचारलं, "मगे आमी रवाचा काय मराचा?"

या प्रश्नाचं सोप्या मराठीत उत्तर देईल असा माणूस प्रकल्पाच्या कार्यालयात सापडेना. म्हणून मला नेमलं. लोकसंवाद प्रमुख. खाली कोणी नव्हतं, तरी प्रमुख.

कुस्तोदियोचा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो, चर्चचं फेस्त असो, दशावतार असो, कर्णा त्याचाच. प्रकल्पाचेही कर्णे त्याचेच होते. रोज बाराच्या आधी दोनदा, एकदा आतल्या कामगारांना बाहेर बोलवायला आणि एकदा भरलेले ट्रक निघणार म्हणून वाडीला सावध करायला, एवढी ती घोषणा. ती कोणी ऐकत नसे.

मला एक कल्पना सुचली. त्या वेळी ती मला चांगली वाटली.

घोषणा गाऱ्हाण्याच्या चालीवर करायची!

आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते तुम्हाला माहीत आहे. एकजण पुढे उभा राहून एकेक मागणं म्हणतो, आणि प्रत्येक मागण्यामागून सगळे जमलेले म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ मालवणी माणूस भाषणात झोपेल, पण गाऱ्हाण्यात हुंकार द्यायला चुकणार नाही.

साहेबांना कल्पना पसंत पडली. फक्त त्यांनी देवाचं नाव काढलं. सरकारी घोषणेत देव नको, म्हणाले. ‘बा म्हाराजा’ तेवढं ठेवलं.

रेकॉर्डिंग माझ्याच आवाजात झालं. प्रत्येक ओळीनंतर लोकांच्या हुंकारासाठी जागा मोकळी सोडली. कुस्तोदियो मध्येच यंत्र थांबवून म्हणाला, "भाऊनु, मी पडलंय किरिस्ताव. पण माका सुदीक कळता. नाव घेवक नाय तर ह्या गाऱ्हाणा जाताला कोणाक?"

"सर्वसाधारण जनतेला."

"जनता तारेच्या भायर आसा. कर्ण्याचा तोंड आत आसा."

"आत कामगार आहेत."

"ते भायर इले की मगे?"

मी म्हणालो, "मगे कोणी नाही." त्याने यंत्र पुन्हा सुरू केलं.

पहिले काही दिवस काही नाही.

मग एके सकाळी कुस्तोदियो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बसला नाही.

"टेपीत तुमी माणसा घातलास?"

"कसली माणसं?"

"व्हय म्हाराजा म्हणणारी."

"नाही रे."

"मगे आतसून कोण बोलता?"

ती हीच फेब्रुवारीतली दुपार. मी फाटकापाशी गेलो. कामगार बाहेर येऊन नळावर हात धुवत होते. रखवालदाराने आत कोणी उरलं नाही हे पाहून फाटक लावलं. यंत्रं बंद. समुद्र ओहोटीचा, लांब गेलेला. तारेवर बसलेले कावळे...

उठले. सगळे एकदम. आणि रस्त्यापलीकडच्या माडावर जाऊन बसले.

कर्ण्यातून दुसऱ्यांदा माझा आवाज सुरू झाला.

‘बा म्हाराजा, तारेच्या आत कोणी जाव नको...’

मोकळी जागा.

आणि आतून...

"व्हय म्हाराजा."

ओरडून नव्हे. सवयीने म्हणतात तसं. दहा-पंधरा जण असावेत. मोकळ्या लाल मातीवर कोणी नव्हतं.

‘भरलेली गाडी येता, पोरांका रस्त्यार सोडू नका...’

"व्हय म्हाराजा."

आणि त्या सगळ्यांच्या मागून आणखी एक आवाज. एकटा. जरासा उशिरा. आधी खोकला... मग, "व्हय म्हाराजा."

मला भीती वाटली नाही. हेच मला अजून खटकतं. अंगावर काटा नाही, घाम नाही. मी घड्याळ पाहिलं आणि जेवायला गेलो. ताटात सुरमई होती. चव लागली नाही, एवढंच.

कुस्तोदियोने त्याच्या परीने तपास केला. "घुमता म्हणाचा तर शेडीचो पत्रो पयलोच काढलो. भिंत नाय, कायएक नाय. आणि घुमला तरी तुमचाच बोलणा परत येताला. तुमी बोलाक नाय ता कसा येताला?"

किरणोत्सर्ग मोजायला पिंगुळीची सलोनी नावाची इंजिनिअर मुलगी होती. अतिशय नेटकी. तिलाही मी फाटकापाशी नेलं. तिने सगळं ऐकून घेतलं. उशिरा येणारा तो शेवटचा आवाजसुद्धा.

"सर, हे कशात मोजतात?"

"माहीत नाही."

"मग मला अहवालात घेता येणार नाही."

ती गेली. जाताना जरा भरभर चालत होती.

आता तुळसाकाकींबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट खरं तर त्यांची आहे.

आतल्या तीन घरांपैकी एक त्यांचं. घर रिकामं केल्यापासून त्या कसालला मुलाकडे होत्या. हायवेलगत दोन खोल्या, खाली टायरचं दुकान. दर आठवड्याला एसटीने येऊन त्या माझ्यापुढे बसायच्या.

"भाऊ, माझा घर कधी देतलास? थंय रातभर गाडये. माका वाटता मी स्टँडारच निजलंय. शिरा पडो त्या हायवेर."

"काकी, घर झालं मोजून. चांगलं आहे. विहिरीचं पाणी तपासायचं राहिलंय."

"बाव माझ्या सासऱ्यान खणलेली. तिका काय जाताला?"

बाव म्हणजे विहीर. तिन्ही घरांना ती एकच.

असंच एकदा माझ्याशी भांडता भांडता बारा वाजले, आणि त्या माझ्यामागून फाटकापर्यंत आल्या. कर्णा सुरू झाला. आतून हुंकार आला. काकींनी कपाळाला आठ्या घातल्या. मग मागचा तो एकटा आवाज आला. खोकला... आणि "व्हय म्हाराजा."

तुळसाकाकींनी पदर डोक्यावर घेतला.

"आमचे आसत," त्या म्हणाल्या.

काकींचे यजमान शंकर. त्या शेडमध्ये फावडं मारत होते. कंपनी बंद पडल्यावर खोकत खोकत गेले. तेव्हा तार नव्हती, यंत्र नव्हतं, आणि खोकल्याला कोणी कारण विचारत नसे.

"देवळातय असेच," काकी म्हणाल्या. "सगळ्यांचा बोलान झाला की मगे हेंचा. लोक हसत." थोडा वेळ त्या तारेपलीकडे बघत राहिल्या. "आता माका जावकच व्हया. हे आसत तर भिया कसला?"

पाण्याचा निकाल आला. साफ. सलोनीने परत परत पाहिलं, साफच. मी घोषणेत एक नवी ओळ घातली, शेवटच्या ओळीच्या आधी. ‘बावेचा पाणी साफ आसा, पिवक हरकत नाय.’ लोकांना कळवणं हे माझं काम होतं. मी ते केलं.

काकींना निरोप गेला. त्या आल्या त्या कसालहून एसटीत तांब्याची कळशी मांडीवर घेऊन. घोषणा झाली की आत जाऊन पहिलं पाणी काढायचं, आणि संध्याकाळी घरात दिवा लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

बारा वाजत आले. कावळे उठले.

‘तारेच्या आत कोणी जाव नको...’

"व्हय म्हाराजा."

‘पोरांका रस्त्यार सोडू नका...’

"व्हय म्हाराजा." आणि मागून तो. काकी हसल्या.

‘बावेचा पाणी साफ आसा, पिवक हरकत नाय...’

...

...

काही नाही.

मोकळी जागा मी सगळीकडे सारखीच सोडली होती. त्या दिवशी ती संपेना. एकाचाही आवाज नाही. मागून येणारा तोही नाही... त्याचा खोकलासुद्धा नाही.

‘बा म्हाराजा, सगळ्यांका सुखी ठेव...’

"व्हय म्हाराजा!"

सगळे. भरभरून. आणि मग एकटा, उशिरा.

काकींनी कळशी खाली ठेवली. "परत लाव."

कुस्तोदियोने परत लावलं. सगळ्या ओळींना हुंकार आला. त्या एका ओळीला नाही.

"इसारले आसतीत गो काकी," कुस्तोदियो म्हणाला.

"मेल्या, तुझ्या लग्नात वाढपी हेंका सोडून फुडे गेलो, तो रागय मरासर इसारले नाय ते. ह्या इसारतीत?"

सलोनीने पाणी पुन्हा घेतलं. दुसऱ्या प्रयोगशाळेतही पाठवलं. निकाल आला तेव्हा ती माझ्याकडे आली.

"सर, पाणी चांगलं आहे. मी स्वतः पिऊ शकते."

"प्याल?"

तिने फाइल बंद केली.

"माझ्याकडे बाटली आहे," ती म्हणाली.

शेवटी तुळसाकाकी कार्यालयात येऊन बसल्या. कळशी रिकामीच, पायाशी.

"भाऊ, आता तू सांग. पियाचा काय नको?"

अख्ख्या प्रकल्पाने मला या एका प्रश्नासाठी नेमलं होतं.

"यंत्र म्हणतं, पाणी साफ आहे."

"यंत्राक नाय, तुका इचारतंय."

पंखा फिरत होता. बाहेर ट्रक मागे घेताना त्याची शिट्टी वाजत होती. मला आत काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"मला माहीत नाही, काकी."

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर अपेक्षित होतं. "बरा," त्या म्हणाल्या. "घराक कोणी नको म्हणूक नाय. बावेर गप रवले. मी घराक जातंय. पाण्याचा तू बघ."

मी बघितलं. साफ ठरलेल्या विहिरीशेजारच्या घराला प्रकल्पाने टँकर दिला. साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं, लोकभावना. हा शब्द फार उपयोगी आहे.

बाकीची दोन घरंही परत आली. ती विहिरीचंच पाणी पितात. त्यांना काहीही झालेलं नाही. मुलं शाळेत जातात, धावतात. मी चौकशी करत असतो. रोज नाही करत. रोज केली तर का म्हणून विचारतील.

आता ढीग गेला. तार निघाली. कर्णाही कुस्तोदियोने उतरवून नेला. "कर्णोच नाय तर कोण बोलतलो?" असं तो म्हणतो, आणि मधलीवाडीत कर्णा लावायचं काम घेत नाही.

मी अधूनमधून काकींकडे जातो. बाराच्या सुमारास आम्ही खळ्यात, म्हणजे अंगणात, बसलेले असतो. काकी मासे साफ करत असतात, बोलत असतात. मध्येच बोलायच्या थांबतात. ओल्या हातानेच पदर डोक्यावर घेतात... थोड्या वेळाने तो खाली येतो आणि बोलणं पुढे सुरू होतं.

मला काहीही ऐकू येत नाही.

मी विचारत नाही. फक्त त्या वेळी हातात पेला असेल तर खाली ठेवतो.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. प्रकल्प संपला, त्याबरोबर टँकरही संपला. काकींना पाणी मी माझ्या स्कूटरवरून नेतो. तुमच्यापैकी कोणाची चारचाकी मालवणहून त्या बाजूला जाणार असेल तर कृपया वीस लिटरचे दोन कॅन टाकून या. मला फोन करा, मी फाट्यावर उभा राहीन. आणि येताना रिकामे कॅन तेवढे परत आणा. दुकानदार रोज विचारतो.