झाकलेलं कूळ

केप टाउनच्या हिवाळी पावसात भिजून मी केमोच्या वॉर्डात शिरले, तर माझ्या नेहमीच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण! हाताला सलाईन, मांडीवर अमाग्विन्यांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, तेलकट पुडी.

"ही खुर्ची माझी आहे."

"नाव कुठे लिहिलंय?" तो हसला. "तुझ्याही आधीचं गिऱ्हाईक आहे मी, बाई. गाठी गेल्या होत्या... परत आल्या."

त्याचं नाव मोन्वाबिसी, माझं बाबाल्वा. आम्हा दोघांनाही एचआयव्ही, दोघांनाही लिम्फोमा. "गोळी घेतलीस का?" असं रोज फोनवर विचारणं, हेच आमचं गुलूगुलू.

आमच्याकडे मुलगा आवडला की आधी कूळ विचारतात. एकच निघालं तर तो भाऊ, विषय मिटला. वेगळं निघालं, तर पुढे बायको नवऱ्याला त्या कुळानंच हाक मारते. म्हणून मी विचारलं.

"नाही सांगणार."

"का? चोरांचं आहे?"

"वेगळं निघालं तर आशा लावून बसशील... मी गावी चाललोय. आईच्या हातचं खायचं, बस्स."

डॉक्टरांनी त्याला मार्ग सांगितला होता. आधी जास्त कडक केमो. गाठी विरघळल्या, तर त्याच्याच मूळपेशी काढून ठेवायच्या, आणखी जबर औषध द्यायचं आणि त्या पेशी परत सोडायच्या. एचआयव्ही गोळ्यांनी काबूत होता, म्हणून हे जमण्यासारखं होतं. पण तो थकला होता.

मला भयंकर राग आला.

"जा! मरायला गावच बरं. पण ऐकून जा — मी मामपिंगा. माझं कूळ सांगून झालं. तू ठेव तुझी झाकली मूठ."

तो गेला नाही.

कडक केमोत त्याच्या भुवयासुद्धा गळल्या. गाठी पुरत्या विरघळल्या नाहीत, बऱ्याचशा विरघळल्या. "करून बघू," डॉक्टर म्हणाले. चेहरा काही हसरा नव्हता.

जबर औषधासाठी त्याला एकट्याच्या खोलीत ठेवलं, त्या दिवशी नेमकी मला सर्दी. नर्सने दारातच अडवलं. काचेअलीकडून मी फोन लावला.

"घाबरलोय गं, बाबाल्वा."

"मीही..."

काचेपलीकडे तो उशीला टेकून उठून बसला.

"मी ज्वारा," तो म्हणाला. "लाव आता आशा."

वेगळं! भाऊ नव्हता तो माझा. इतके दिवस हेच मागितलं होतं, आणि आता रडू आवरेना.

नर्सने आतून पडदा ओढला. फोन चालूच होता.

"ज्वारा," मी हाक मारली, "गोळी घेतलीस का?"

"घेतो, मामपिंगा."